स्पिनिंग क्लास की धावणं, पावसाळ्यात कसं ठरवायचं?

गोव्यात जूनपासून मिरामारच्या किनाऱ्यावर धावायचं म्हणजे शूज ओलेचिंब आणि आत वाळू, त्यामुळे पावसाचे महिने मी स्पिनिंगच, म्हणजे जिममधल्या जागेवरच्या सायकलवरचा व्यायामच सांगेन, त्यातही गुडघा कुरकुरत असेल तर नक्कीच, कारण धावताना दर पावलाला वजनाच्या 2-3 पट भार पायावर येतो, सायकलवर तो धक्का नसतो. पण सीट आधी नीट लावा हां! बाजूला उभं राहून ती कमरेच्या हाडाइतकी उंच करा, पेडल खाली गेलं की गुडघा किंचित वाकलेलाच हवा, ताठ झाला तर सीट एक खाच खाली. रेझिस्टन्स (पेडलचा जडपणा) शून्यावर ठेवून नुसते पाय गरगर फिरवू नका. हाडांसाठी मात्र धावणंच जास्त चांगलं, म्हणून पाऊस उघडला की कांपालला पहाटे आठवड्यातून दोनदा तरी धावा, बोलता येईल इतपतच वेगाने.