आईला पडद्याच्या तपासणीला नेण्याआधी

सगळ्यात आधी चिठ्ठी. फाईल, पिशवी, पाण्याची बाटली सगळं नंतर. आदल्या रात्री आईला समोर बसवा, कागद-पेन घ्या आणि तिला काय दिसतं, कसं दिसतं ते तिच्याच शब्दांत लिहून काढा. कोणत्या डोळ्यानं, कधीपासून, मधोमध की कडेला. मागच्या खेपेला मी हे केलं नाही आणि आईचे दोन महिने वाया गेले.

आमची तासगावकडं द्राक्षबाग. माल उतरायच्या दिवसांत आई मांडवाखाली उभी राहून म्हणाली, "आरं, उजव्या डोळ्यानं बघितलं की ही तार मधीच वाकल्यागत दिसतीया." तार ताणून बसवलेली, सरळच्या सरळ. मी हो हो म्हणून पुढं गेलो. नंतर एका शिबिरात नाव घालताना "आईच्या डोळ्यावर पडदा आलाय" एवढंच सांगितलं. आपल्याकडं मोतीबिंदूलाही पडदाच म्हणतात. तिला मोतीबिंदूच्या रांगेत बसवलं, बॅटरी मारून बघितलं आणि अजून सुरुवात आहे, थांबा म्हणून घरी पाठवलं. तारेचं त्यांनी विचारलं नाही, कारण मी सांगितलंच नव्हतं. दोन महिन्यांनी मिरजेला मोठ्या तपासणीत कळलं की साखरेमुळं उजव्या डोळ्याच्या पीतबिंदूला सूज आहे.

म्हणून शब्द नीट माहीत करून घ्या. पुढचं काळं गोल ते बुबुळ, त्याच्या मधलं भोक म्हणजे बाहुली, बाहुलीच्या लगेच मागं भिंग. मोतीबिंदू होतो तो या भिंगाला. खरा पडदा, पुस्तकातलं दृष्टिपटल, डोळ्याच्या पार मागच्या भिंतीला आतून असतो. डोळ्याच्या अगदी पुढच्या टोकापासून तिथवर साधारण 24 मिलिमीटर. पुढून बॅटरी मारून तो दिसत नाही. त्या पडद्याच्या मध्यावर पीतबिंदू. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं सगळं त्याच्या जिवावर. आता बघा: सगळीकडंच धुरकट दिसत असेल तर बहुधा भिंग. मधेच डाग किंवा सरळ रेघ वाकडी दिसत असेल तर पीतबिंदू. "पडदा आलाय" या दोन शब्दांत हा फरक मावत नाही. चिठ्ठीत मावतो.

आणि एक गोष्ट, यादी बाजूला ठेवून वाचा. अचानक विजा चमकल्यासारखं दिसू लागलं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला, किंवा एका बाजूनं सावली सरकत आली तर पडदा सुटत असू शकतो. तेव्हा चिठ्ठी नको, तारीख नको, त्याच दिवशी गाठा. "दुखत नाही ना, मग उद्या बघू" असं कुणालाही म्हणू देऊ नका. पडद्याला दुखणं कळणारे तंतूच नसतात. म्हणूनच साखर असलेल्या माणसानं काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा बघून घ्यायचा.

चिठ्ठी लिहितानाच घरची परीक्षा घ्या. जवळचा चष्मा लावायचा, चौकटीची वही फूटभर अंतरावर धरायची, एक डोळा तळहातानं झाकायचा आणि मधल्या एका ठिपक्याकडं बघायचं. मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे ठेवून विचारू नका, चांगला डोळा वाईटाचं सगळं झाकून घेतो. आईचंही तसंच होत होतं. ज्या रेघा वाकतात तिथं तिलाच पेनानं खूण करायला लावा आणि तो कागद चिठ्ठीला टाचा.

फाईलमध्ये साखरेचे रिपोर्ट, तीन महिन्यांच्या सरासरीचा असेल तर तो वर. बीपीचं. चालू गोळ्यांची पाकिटंच न्या, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तोंडानंही सांगा. काचबिंदूचा इतिहास असेल तर बाहुली मोठी करायचे थेंब घालायच्या आधी सांगा, नंतर नाही. पडद्याचा जुना ओसीटी, म्हणजे पडद्याची जाडी दाखवणारा स्कॅन, असेल तर तो हवाच. निरोगी पीतबिंदूची मधली जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण 250 मायक्रॉन. मागचा आकडा समोर नसेल तर सूज चढली की उतरली हे डॉक्टरांनी कशावरून ठरवायचं?

दोन्ही चष्मे. कार्डं. डबा, कारण साखरेचं माणूस उपाशी बसवायचं नाही. डोळ्याची अँजिओग्राफी, म्हणजे शिरेतून रंग टोचून पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो, ठरली असेल तर खाण्याचं आधी फोन करून विचारा. अर्धा दिवस मोकळा ठेवा. थेंबांनी बाहुली मोठी व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, कधी पुन्हा घालतात, आणि नंतर चार-सहा तास जवळचं धूसर आणि ऊन सहन होत नाही. काळा गॉगल घ्या. तपासणी स्वतःची असेल तर मोटरसायकल घरी ठेवा. एसटीच्या पायऱ्यांना हात धरा.

आत गेल्यावर चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात द्या. खिशात नाही, फाईलच्या तळाशी नाही, हातात. आणि आईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आईलाच देऊ द्या. तारेचं तीच नीट सांगते.

सुजेसाठी डोळ्यात इंजेक्शन दिलं तर त्या डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, थेंब वेळेवर. दुखणं किंवा लाली वाढली, नजर कमी झाली तर लगेच फोन. कोणता डोळा, पुढची तारीख, हे चिठ्ठीच्या मागच्या बाजूला तिथंच बसून लिहा.