टिश्यू कल्चरची सफेद मुसळी: रोपं सारखी दिसली म्हणून फसू नका

सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात, क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनममध्ये, आपली बोरिवली आहे. तिचं बी नीट उगवत नाही, म्हणून टिश्यू कल्चरकडे, म्हणजे रोपाच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवण्याकडे, वळणं साहजिकच. पण औषधी पिकात रोप नुसतं जगून भागत नाही. मातृरोपातलं सॅपोनिन, म्हणजे मुसळीतला औषधी घटक, त्याच्या मुळ्यांतही उतरलं पाहिजे.

सगळ्यात महागात पडते ती कॅलसची घाई. टू-फोर-डी हे वाढ-संप्रेरक देऊन आधी पेशींचा गोळा, म्हणजे कॅलस, करायचा आणि मग त्यातून कोंब काढायचे, हे मला रोपविक्रीसाठी अजिबात पटत नाही. त्या गोळ्यात पेशी विस्कळीत वाढतात, गुणसूत्रांची संख्यासुद्धा बदलू शकते. लार्किन आणि स्काउक्रॉफ्ट या शास्त्रज्ञांनी 1981 मध्ये अशा बदलांना सोमाक्लोनल व्हेरिएशन हे नाव दिलं. मुळ्यांच्या वरच्या गड्ड्यावर तयार डोळे असतातच, तेच घ्या.

दुसरी चूक म्हणजे सबकल्चर, म्हणजे कोंब वेगळे करून ताज्या माध्यमात लावायच्या फेऱ्या, न मोजणं. समजा, दर फेरीला एका कोंबाचे तीन होतात. दहा फेऱ्यांत 59,049 झाले. पहिल्याच फेरीतल्या तीनपैकी एक बिघडलेला असेल, तर त्यातले 19,683 कोंब बिघडलेले! म्हणून बाटलीवर मातृरोपाचा क्रमांक आणि फेरी दोन्ही लिहा. ठरलेल्या फेऱ्या झाल्या की ताज्या डोळ्यांपासून पुन्हा सुरुवात करा.

पानं काचेसारखी, पाणी भरल्यागत फुगलेली दिसली की काहीजण लगेच ‘जनुकीय बिघाड’ म्हणतात. पण आधी माध्यमातलं बीएपी हे कोंब फुटवणारं संप्रेरक कमी करा, माध्यम घट्ट करणारा अगर-अगर थोडा वाढवा, हवा खेळेल असं झाकण लावा. बहुतेकदा नवे कोंब सुधारतात.

तपासणीत तर आपण स्वतःचीच फसवणूक करतो: देखणी रोपं निवडून आयएसएसआर चाचणीला, म्हणजे डीएनएचे पट्टे मातृरोपाशी जुळवून पाहायला, पाठवतो. नमुने सरसकट घ्या, शेवटच्या फेरीतले आणि शेतातलेही घ्या, सोबत मातृरोपाचा डीएनए हवाच. पट्टे जुळले तरी ही चाचणी जीनोमचा थोडाच भाग पाहते. टिश्यू कल्चरच्या तेलताडात फळं विकृत होण्यामागे डीएनएवरच्या मिथाइल या रासायनिक खुणांचा बदल असल्याचं 2015 मध्ये समोर आलं. असा बदल या पट्ट्यांत दिसत नाही. त्यामुळे मुळ्यांतलं सॅपोनिन मोजल्याशिवाय कुठलीही लाइन, म्हणजे एका मातृरोपापासूनची रोपं, मोठ्या प्रमाणावर वाढवू नका.

शेतात वेगळं रोप दिसलं, तर लेबलवरून मागे जा आणि ती लाइन पूर्ण काढून टाका. लेबलच नसेल, तर कुठली लाइन टाकायची हेच कळत नाही आणि बाटल्यांची अख्खी खोली रिकामी करावी लागते.