छायाचित्रांसाठी घरगुती प्रिंटर निवडताना

घरी फोटो छापण्यासाठी प्रिंटर घ्यायचा असेल, तर किंमत विचारण्याआधी महिन्याकाठी आपण खरोखर किती फोटो छापणार आहोत, याचा अंदाज बांधावा. इंकजेट प्रिंटरच्या शाईत बहुतांश पाणीच असते, त्यामुळे यंत्र वापराविना पडून राहिले की शाई फवारणाऱ्या हेडच्या केसाहून बारीक छिद्रांत ती वाळते, आणि उन्हाळ्यात पारा सहज ४० अंशांपुढे जाणाऱ्या सोलापूरच्या कोरड्या हवेत हा त्रास वाढतो. छिद्रे मोकळी करण्यासाठी हेड क्लीनिंग केले, तर प्रत्येक वेळी शाई वाया जाते, ती तळाच्या पॅडमध्ये साठते आणि ते पॅड भरले की प्रिंटर काम थांबवतो.

म्हणून वर्षातून गड्ड्याच्या यात्रेचे आणि दिवाळीचे तेवढे फोटो छापणाऱ्याने इंकजेटच्या वाटेला जाऊ नये. त्याला फोटो स्टुडिओच स्वस्त पडतो. घरीच छापण्याची हौस असेल, तर कॅनन सेल्फीसारखा डाय-सब्लिमेशन प्रिंटर पाहावा. त्यात शाईऐवजी रंगाची रिबन असते. पिवळा, किरमिजी, निळा असे रंग एकामागून एक चढतात आणि शेवटी पारदर्शक थर बसतो, त्यामुळे फोटोवर पाण्याचा थेंब पडला तरी रंग पसरत नाही. सहा महिने कपाटात ठेवला तरी यात वाळण्यासारखे काही नसते. मात्र आकार पोस्टकार्डाएवढ्या ४ × ६ इंचांपुढे जात नाही, आणि कागद व रिबन त्याच कंपनीची घ्यावी लागते.

नियमित छपाई असेल, तर इंक टँक, म्हणजे टाकीत बाटलीने शाई भरायचा इंकजेट प्रिंटर घ्यावा, पण तो चार रंगांचा की सहा रंगांचा, हे नीट पाहावे. शाळेचे प्रकल्प आणि झेरॉक्स यांसाठी घेतलेल्या अनेक चार रंगी प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांची) आणि बाकीचे रंग डायचे (पूर्ण विरघळलेल्या रंगाचे) असतात. ही काळी शाई साध्या कागदावर ठसठशीत उमटते, परंतु चकचकीत फोटो पेपरवर ती वापरलीच जात नाही. तेथे काळा रंग तीन रंग मिसळून तयार होतो आणि केस, सावल्या किंचित तपकिरी वाटतात. एप्सन एल८०५० मध्ये फिकट निळी व फिकट किरमिजी, तर कॅननच्या जी५७० व जी६७० मध्ये लाल व करडी शाई जादा असते. त्वचेचे आणि आकाशाचे हलके रंग दाणेदार न दिसण्यामागे हेच कारण आहे. दुकानदार डीपीआयचे, म्हणजे एका इंचात किती ठिपके पडतात याचे, मोठे आकडे ऐकवतो, त्यांवर फारसे विसंबू नये. लेझर प्रिंटर फोटोंसाठी घेऊच नये, आणि इंकजेटचा चकचकीत कागद तर त्यात चुकूनही घालू नये, कारण उष्णतेने त्याचा लेप वितळून आतल्या रोलरला चिकटतो.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर आपलाच एखादा फोटो न्यावा. सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज धरणाऱ्यांच्या पांढऱ्या बाराबंदीचा फोटो यासाठी उत्तम, कारण पांढऱ्यावर निळसर किंवा गुलाबी झाक आली तर ती लगेच उमगते. प्रिंट हाती आल्यावर ती दाराबाहेरच्या उजेडात पाहावी. ट्यूबलाइटखाली सगळेच प्रिंटर चांगले दिसतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असेल, तर तो लहान झालेला असतो. ४ × ६ इंचांसाठी सुमारे १२०० × १८०० पिक्सेल लागतात आणि ए४ साठी एकूण पिक्सेल त्याच्या चौपटीच्या आसपास, म्हणून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवावी. मोबाइलची चौकट बहुधा ४:३ असते, त्यामुळे ४ × ६ वर बिनकाठाची छपाई करताना आडव्या फोटोचा वरचा-खालचा भाग कापला जातो आणि मागच्या रांगेतल्या मामांचे डोके जाते, हे आधी स्क्रीनवर पाहून घ्यावे.

कागद मागच्या बाजूने भरण्याची सोय असलेले यंत्र बरे, कारण जाड फोटो पेपर समोरच्या ट्रेतून जाताना फार वळतो. शाई आणि कागद कंपनीचेच वापरावेत. स्वस्त बाटलीतील बचत पहिल्याच सर्व्हिसिंगमध्ये निघून जाते. प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावा, भिंतीवरच्या स्विचने नव्हे, कारण बटण दाबल्यावरच हेड जागेवर जाऊन झाकले जाते. एरवीही आठवड्यातून एक रंगीत पान छापत राहावे आणि खरेदीपूर्वी अधिकृत सर्व्हिस सेंटर सोलापुरातच आहे की यंत्र पुण्याला धाडावे लागेल, हे विचारून घ्यावे.