एमआय-१७ चं ऑईल आणि हायड्रॉलिक: डबा हातात घ्यायच्या आधी

नवीन पोरगं ट्रेनिंग करून युनिटला आलं की त्याच्या वाट्याला पहिलं काम येतं ते तेल बघायचं, आणि त्याला वाटतं हे तर काय, गावाकडं ट्रॅक्टरचं बघतो तसंच, लेव्हल बघायची, कमी असलं तर ओतायचं. गडबड तिथूनच सुरू होते. तेल ओतणं हे निम्मंसुद्धा काम नाही, तेलासोबत दुसरं काही आत जाऊ द्यायचं नाही, हे खरं काम. मी एअरफ्रेमचा, म्हणजे मशीनच्या सांगाड्याचा माणूस, बरीच वर्षं एमआय-१७ या हेलिकॉप्टरवर काढली म्हणून त्याच मशीनबद्दल लिहितोय. आकडे दिलेत ते समजण्यापुरते, काम करताना तुमच्या मशीनचं मॅन्युअल शेजारी उघडंच पाहिजे.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवा की या हेलिकॉप्टरमध्ये तीन वेगळ्या प्रकारची तेलं आहेत. दोन्ही इंजिनं आणि मेन गिअरबॉक्स (इंजिनाची ताकद वरच्या रोटरला देणारा) यांना बी-३व्ही हे सिंथेटिक तेल. शेपटीकडच्या इंटरमीडिएट आणि टेल गिअरबॉक्सला हायपॉइड तेल, झाकण उघडलं की गंधकासारखा वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. आणि हायड्रॉलिकला एएमजी-१०, लालभडक आणि पातळ. गंमत म्हणजे कडाक्याच्या थंडीत टेलच्या हायपॉइड तेलात हेच एएमजी-१० ठरलेल्या प्रमाणात मिसळतात, दोन भाग हायपॉइड आणि एक भाग एएमजी-१०, म्हणजे तेल घट्ट होत नाही. पण हे मिश्रण मॅन्युअल सांगतं म्हणून करायचं, स्टोअरमध्ये तेल संपलं म्हणून नाही. तीन तेलं म्हणजे तीन डबे, तीन फनेल, आणि प्रत्येकावर रंगाने नाव. फनेल एकाच ठिकाणी धुऊन तिन्हीकडं वापरणारा हुशार प्रत्येक युनिटमध्ये एक तरी असतोच, त्याच्या हातातून फनेल काढून घ्या.

आता इंजिन. शटडाउन झाल्या झाल्या लगेच लेव्हल बघू नका, तेल वरनं खाली उतरायला वेळ लागतो, आणि फार वेळ घालवला तरी आकडा फसवतो. मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेळातच बघा. कमी दिसलं की लगेच डबा आणायला पळू नका, आधी मागच्या फ्लाइंगच्या नोंदी काढा, दर तासाला किती तेल खाल्लं ते बघा. रोज थोडंथोडं कमी होणं वेगळं आणि काल ठीक होतं, आज एकदम खाली गेलं, हे वेगळं, दुसऱ्या केसमध्ये तेल कुठं गेलं ते सापडेपर्यंत ओतायचंच नाही. आणि बी-३व्ही अंगावर सांडलं तर लगेच साबणाने धुवा, दुपारी हात न धुता जेवणाचा डबा उघडणारी मंडळी मी पाहिलीत.

मेन गिअरबॉक्समध्ये जास्त तेल भरणं म्हणजे कमी भरण्याइतकंच वाईट. जास्त झालं की ते घुसळून फेस होतो आणि तापतं. ग्राउंड रनला, म्हणजे जमिनीवरच मशीन चालवून बघताना, गेजवर नॉर्मलला प्रेशर साधारण ३.५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर दिसतं, अर्धा इकडंतिकडं, आणि तापमान ९० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. तापमान हळूहळू चढतंय आणि तेल बरोबर आहे, मग आधी कूलर बघा. गिअरबॉक्सच्या पुढं जो फॅन आहे त्याच्या हवेने हे कूलर गार होतात, धुळीच्या हेलिपॅडवर उतरून आलेल्या मशीनच्या कूलरमध्ये काय काय अडकलेलं असतं, गवताची काडी, पोत्याचे धागे, सगळं. एक कॉम्प्रेसर आणि थोडा धीर, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

शेपटीचे दोन गिअरबॉक्स लहान आहेत, एकात १.३ लिटर आणि दुसऱ्यात १.७ लिटर तेल, म्हणजे पाण्याच्या एका बाटलीएवढं, त्यामुळं थोडं गळालं तरी तिथं फरक मोठा पडतो. म्हणून वर चढायचा कंटाळा करू नका, खालून बघून "ओके आहे सर" म्हणणं सोपं असतं.

चिप डिटेक्टर, म्हणजे तेलातले धातूचे कण पकडणारा चुंबकाचा प्लग, हा माझा आवडता विषय, इथं जरा थांबतो. चुंबकाचा प्लग बाहेर काढला की त्यावर जे असेल ते पांढऱ्या कापडावर हलकेच पुसा आणि उन्हात धरा. राखाडी मऊ पेस्ट असली, बोटावर चोळल्यावर काही टोचत नाही, तर ती झिजेची धूळ, नोंद करा आणि पुढं चला. पण चमकणारी कपची, सुईसारखा तुकडा किंवा पापुद्रा दिसला तर तो बेअरिंगचा किंवा गिअरच्या दाताचा. वेगळं चुंबक लावून बघा, चिकटला तर लोखंड, नाही चिकटला आणि पिवळसर असला तर बेअरिंगच्या पिंजऱ्याचा ब्राँझ असू शकतो. फिल्टरही काढून बघा, कारण ब्राँझ चुंबकाला चिकटत नाही, चुकून अडकून आला तरच प्लगवर दिसतो. ती कपची फेकायची नाही, पिशवीत घालून, लेबल लावून पुढं पाठवायची. "धुऊन परत लावू, उद्या बघू" हे वाक्य ज्यानं म्हटलं त्याला मी दोनदा विचारतो की मशीनमध्ये कोण बसणार आहे.

बारीक कचरा काय करतो याचं उदाहरण एकच देतो. ११ सप्टेंबर १९८२ ला जर्मनीत मॅनहाइमला एअर शोमध्ये अमेरिकन लष्कराचं चिनूक हेलिकॉप्टर पडलं, ४६ माणसं गेली, बरेचसे पॅराशूट जंपर. तपासात निघालं की पार्ट साफ करायला वापरलेली अक्रोडाच्या टरफलाची भुकटी गिअरबॉक्सच्या ऑईल जेटमध्ये (तेल फवारणाऱ्या बारीक छिद्रांत) अडकली होती, बेअरिंगला तेल मिळालं नाही आणि ट्रान्समिशन गेलं. तेल होतं हो, लेव्हल पण होती. पोचत नव्हतं. म्हणून झाकण उघडायच्या आधी आजूबाजूची जागा पुसा, झाकण उघडलं की तोंड ताबडतोब झाका, आणि धागे सुटणारं कापड जवळ आणू नका.

आता हायड्रॉलिक. या मशीनला मेन आणि बॅकअप अशा दोन सिस्टिम आहेत आणि स्टिक, कलेक्टिव्ह, पॅडल या पायलटच्या कंट्रोलमागं चार बूस्टर, म्हणजे तेलाच्या दाबानं जोर देणारे सिलिंडर. दोन्ही सिस्टिम गेल्या तर पायलटच्या हाताच्या ताकदीनं हे हेलिकॉप्टर उडवता येत नाही. पंप मेन गिअरबॉक्सवरून फिरतात, म्हणून रोटर बंद असताना चेक करायचा तर ग्राउंड हायड्रॉलिक ट्रॉली लावावी लागते, तिच्यातलं तेलही तेवढंच स्वच्छ हवं, नाहीतर आपणच घाण भरतोय.

लाइन उघडायच्या आधी प्रेशर शून्य करायचं. बंद मशीनमध्ये पण अक्युम्युलेटर (एका बाजूला गॅस भरलेली दाबाची टाकी) दाब धरून ठेवतो, म्हणून स्टिक काही वेळा हलवा, सुई शून्यावर आली की मगच पाना. अक्युम्युलेटरमध्ये नायट्रोजनचा दाब ३० किलो प्रति चौरस सेंटीमीटरच्या आसपास असायला हवा, आणि नायट्रोजनच, कॉम्प्रेसरची हवा नाही.

गेजची सुई वाचायला शिका. पंपाचा दाब ६५ किलो प्रति चौरस सेंटीमीटरच्या आसपास पोचला की व्हॉल्व्ह त्याला आराम देतो, दाब ४५ कडं उतरला की परत जोडतो, म्हणून सुई वरखाली करते आणि ते ठीकच आहे. स्टिक स्थिर असताना सुई घाईघाईनं वरखाली होऊ लागली तर नायट्रोजन कमी आहे किंवा आतल्या आत गळती आहे. बाहेर एक थेंब दिसणार नाही, सुई मात्र सांगते.

बाहेरच्या गळतीची माझी फजिती सांगतो. सकाळी मशीनवर लाल डाग, मी गेलो गिअरबॉक्समागच्या हायड्रॉलिक पॅनलवर आणि अर्धा दिवस एकेक युनियन (पाइपचा जोड) तपासत बसलो, टॉर्क, म्हणजे आवळणी, सगळी बरोबर. मग एक वॉरंट साहेब वर चढले, रोटरच्या मधल्या हबकडं बोट दाखवलं आणि हसले. रोटरच्या डॅम्परमध्ये (पात्याचे हिसके जिरवणाऱ्या भागात) पण हेच एएमजी-१० असतं ना, तिथलं सील पाझरत होतं आणि रोटर फिरताना तेल सगळीकडं उडालं होतं. तेव्हापासून लाल डाग दिसला की मी आधी सगळं पुसतो, छोटा रन देतो, आणि सगळ्यात वर कुठं ओलं होतंय ते बघतो. आणि युनियन उघडला की ओ-रिंग नवीनच, जुनी कितीही चांगली दिसली तरी.

शेवटी लॉकवायर (नट सुटू नये म्हणून बांधलेली तार) घट्ट होण्याच्या दिशेनं वळवली आहे ना बघा, टूल बोर्डवर मोजा, कापडाचे तुकडे पण मोजा, ग्राउंड रन, रनच्या नंतर परत लेव्हल, आणि फॉर्म ७०० मध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, किती तेल घातलं ते मिलीलिटरपर्यंत लिहा. उद्या सकाळी येणाऱ्याला तोच आकडा लागणार आहे.