चिचेन इत्साची एक दिवसाची टूर: कोणती घ्यावी आणि तिथे काय बघावं

मेक्सिकोतल्या कानकूनला आलेली मंडळी दोन दिवस समुद्रात डुंबून झाली की हॉटेलच्या लॉबीतल्या टूरच्या टेबलापाशी जातात आणि तिथला माणूस जे पहिलं पत्रक पुढे करेल त्यावर पैसे भरून मोकळी होतात. पत्रकावर पाच-सहा गोष्टी असतात: चिचेन इत्सा (माया लोकांच्या प्राचीन शहराचे अवशेष), सेनोते (पाण्याने भरलेला नैसर्गिक खोल खड्डा), बुफे, वायादोलिद शहर, टकिला चाखणे, शिवाय ‘माया गाव’. जितक्या जास्त गोष्टी तितके पैसे वसूल, असा हिशोब. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. थांबे जितके कमी, तितकी टूर चांगली.

मी नोकरीमुळे मेरिदात, युकातान राज्याच्या राजधानीत, राहते. गाडी चालवत नाही, त्यामुळे पुण्याहून किंवा न्यू जर्सीहून कुणी नातलग आले की मीही त्यांच्याबरोबर टूरच्या बसमध्ये बसते. पुढचं सगळं त्यातूनच आलेलं.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न: आवाराच्या फाटकाशी किती वाजता पोचणार? दुसरा: आत किती वेळ मिळणार? एवढी दोन उत्तरं नीट मिळाली की टूर कशी आहे ते कळतं. ‘पूर्ण दिवसाची’ म्हणवणाऱ्या कित्येक टूरमध्ये प्रत्यक्ष अवशेषांपाशी दीड तास मिळतो. त्यातला अर्धा गाइडबरोबर, अर्धा स्वतःचा. बाकीचा दिवस बसमध्ये आणि दुकानांत जातो. निदान अडीच तास आत मिळत नसतील तर दुसरी टूर बघा.

चिचेन इत्सा सकाळी आठला उघडतं, पाचला बंद होतं. कानकूनपासून अंतर साधारण दोनशे किलोमीटर, म्हणजे अडीच तास. आता इथे एक गंमत आहे, जी पत्रकावर क्वचितच लिहिलेली असते. कानकून किंताना रो राज्यात येतं आणि चिचेन इत्सा युकातान राज्यात. दोन्हींच्या घड्याळांत तासाभराचा फरक आहे. कानकूनमध्ये नऊ वाजतात तेव्हा चिचेन इत्सात आठच वाजलेले असतात. म्हणजे हॉटेलमधून पहाटे सहाला निघालात तर फाटक उघडायच्या आधीच तिथे पोचता. मोठ्या बस मात्र हॉटेलं घेत घेत निघतात, मध्ये एका ठिकाणी सगळ्यांना उतरवून दुसऱ्या बसमध्ये बसवतात, वाटेत दुकानाशी थांबतात आणि अकरा-बाराच्या सुमाराला पोचतात. मैदानात सावली जवळजवळ नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. साडेआठ आणि साडेअकरा या दोन वेळांत जागा तीच असली, तरी अनुभव अगदी वेगळा. त्यामुळे बारा-पंधरा जणांची व्हॅन, भल्या पहाटे निघणारी, आणि आधी अवशेष, मग जेवण, मग सेनोते असा क्रम असलेली टूर घ्या. थोडे पैसे जास्त जातात. जाऊ द्यात.

तिसरा प्रश्न प्रवेशशुल्काचा. इथे दोन शुल्कं आहेत: एक केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं आणि दुसरं युकातान राज्याचं. स्वस्त दिसणाऱ्या टूरमध्ये बहुतेकदा यातलं एक किंवा दोन्ही धरलेली नसतात आणि बसमध्ये माइकवरून ‘आता प्रत्येकी एवढे रोख द्या’ असं ऐकू येतं. ‘दोन्ही प्रवेशशुल्कं यात आली का?’ असं स्पष्ट विचारून लेखी घ्या. व्हिडिओ कॅमेऱ्याला वेगळे पैसे पडतात, ड्रोनला बंदी आहे. पेसो जवळ ठेवा. डॉलर सगळे घेतात, पण भाव त्यांच्या मनाचा असतो.

वार बघून जा. रविवारी मेक्सिकन नागरिकांना पुरातत्त्व खात्याचं शुल्क माफ असतं, त्यामुळे अख्खी कुटुंबं येतात. त्यांचा तो हक्कच आहे, पण तुम्हाला दिवस निवडता येत असेल तर आठवड्यातला मधला निवडा.

व्हिसाबद्दल एका वाक्यात: भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र व्हिसाची मुदत उलटलेली नाही ना, ते तिकीट काढण्याआधी बघा.

गाइड कसा ओळखायचा

अधिकृत गाइडच्या गळ्यात सरकारी ओळखपत्र असतं. पण त्यावरून तो चांगला आहे असं कळत नाही. मी एक प्रश्न विचारते: ‘या भागात नदी का दिसत नाही?’

कामाचा गाइड इथे खुलतो. युकातानचा उत्तर भाग चुनखडीचा आहे, पाऊस पडला की पाणी झिरपून जमिनीखाली जातं, वर नदी उरतच नाही. जमिनीखालच्या पोकळीचं छत कोसळलं की खाली पाण्याने भरलेला खोल गोल खड्डा उघडा पडतो, तोच सेनोते. इथली गावं, शहरं, देवळं याच पाण्याच्या आधाराने वसली. म्हणून तर पावसाचा देव चाक याची लांब वाकड्या नाकाची तोंडं भिंतीभिंतींवर दिसतात. हे सगळं तो आपणहून जोडून सांगतो. ज्याला फक्त नरबळीच्या रक्तरंजित गोष्टी सांगायच्या असतात, तो हा प्रश्न दोन वाक्यांत उडवून लावतो. परग्रहवासी हा शब्द निघाला तर सरळ फोटो काढायला लागावं.

जवळच्या पिस्ते गावचा एक गाइड माझ्या ओळखीचा आहे. घरात तो माया भाषाच बोलतो. ‘माया लोक कुठे गेले?’ असं कुणी विचारलं की तो हात वर करून ‘हजर’ म्हणतो. आजही लाखो लोक ही भाषा बोलतात. ‘बिश् आ बेल?’ म्हणजे कसे आहात, आणि ‘मालोब’ म्हणजे छान. एवढं म्हटलंत तरी गाइडपासून फेरीवाल्यापर्यंत सगळ्यांचे चेहरे बदलतात.

आणखी एक. माया लोकांची संख्या लिहिण्याची पद्धत ठिपका आणि रेघेची: ठिपका म्हणजे एक, रेघ म्हणजे पाच, आणि शून्यासाठी शिंपल्यासारखं चिन्ह. हे ऐकलं की आपल्यातलं कुणीतरी हमखास ‘शून्य तर भारताने दिलं’ म्हणून मध्ये पडतं. नका पडू. समुद्रापार कुणी कुणाला काही सांगितलेलं नाही, दोघांनी आपापलं शोधलं.

आत गेल्यावर

समोर येतो तो कुकुल्कान या सर्परूपी देवाचा पिरॅमिड, स्पॅनिश लोकांनी ठेवलेलं नाव एल कास्तियो. वरच्या देवळासकट उंची सुमारे तीस मीटर, नऊ टप्पे, चारी बाजूंना ९१ पायऱ्या. चार एक्याण्णव ३६४, वरचा चौथरा धरून ३६५. चढता येत नाही. २००६ साली एक पर्यटक बाई पडून दगावल्या, त्यानंतर पायऱ्या बंद झाल्या. ‘गाइडला थोडे पैसे दिले तर?’ असं माझ्या एका काकांनी विचारलं होतं. नाही, तरीही नाही. आणि बाहेरून दिसतो तो पिरॅमिड आधीच्या एका पिरॅमिडवर बांधलेला आहे. १९३० च्या दशकात आतल्या देवळात लाल रंगाचं, जेड या हिरव्या दगडाचे ठिपके बसवलेलं जग्वाराच्या आकाराचं आसन सापडलं.

उत्तरेच्या जिन्यासमोर उभं राहून टाळी वाजवा. परत येणारा आवाज टाळीचा नसतो, पक्ष्याच्या चिरक्या शिळेसारखा वरून खाली घसरत येतो. प्रत्येक पायरीवरून आवाज थोडा थोडा उशिरा परततो म्हणून असं होतं. गाइड सांगतात की हा केत्साल पक्ष्याचा आवाज आहे आणि मुद्दाम तसा साधला आहे. मुद्दाम साधला का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. केत्साल तर दक्षिणेकडच्या डोंगरी जंगलातला पक्षी, युकातानात तो राहतही नाही. पण सकाळी गर्दी नसताना ही टाळी वाजवून बघाच. अकरानंतर पन्नास गट एकाच वेळी टाळ्या पिटत असतात आणि कुणालाच काही ऐकू येत नाही.

मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान होतात, तेव्हा दुपार कलताना याच जिन्याच्या कठड्यावर उजेडाचे त्रिकोण पडतात आणि तळाशी कोरलेल्या सापाच्या डोक्याला जाऊन मिळतात. तो दिवस गाठायचा हट्ट धरू नका, मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. दोन-तीन दिवस मागेपुढे गेलं तरी साप जवळपास तसाच उतरतो.

चेंडूच्या मैदानात गाइड घाई करतात, तुम्ही करू नका. १६८ मीटर लांब, ७० मीटर रुंद, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या अशा प्राचीन मैदानांतलं सगळ्यात मोठं. भरीव रबरी चेंडू, तो मारायचा कमरेने, आणि दगडी कडी भिंतीवर माणसाच्या डोक्यापेक्षा कितीतरी उंच. वर बघून झालं की भिंतीच्या तळाशी या. तिरक्या दगडी पट्टीवर खेळाडूंच्या दोन रांगा समोरासमोर कोरल्या आहेत. मध्ये एका खेळाडूच्या हातात पातं आणि दुसऱ्याचं मुंडकं. समोर ज्याचं मुंडकं उडवलंय तो एका गुडघ्यावर टेकलेला, आणि त्याच्या मानेतून रक्ताच्या धारांऐवजी साप निघताहेत. त्यातच एक वेल आहे, तिला फुलं आलीयत. सकाळचं तिरपं ऊन असलं तर कोरीवकाम उठून दिसतं, दुपारी सगळं सपाट होतं. मारला गेला तो जिंकलेला की हरलेला? ‘जिंकलेलाच, तो मान होता’ असं ठामपणे सांगणारे गाइड पुष्कळ. चांगला गाइड ‘खात्रीने सांगता येत नाही’ म्हणतो.

मोकळा वेळ मिळाला की बहुतेकजण पवित्र सेनोतेकडे जातात. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना दुकानं. जाऊन या, पण पोहता येत नाही, पाणी हिरवं आणि खूप खाली. एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकन माणसाने १९०४ पासून त्याचा तळ उपसला. सोनं, जेड, हाडं असं बरंच काही वर आलं आणि त्यातलं खूपसं हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात गेलं. वेळ एकाच ठिकाणापुरता असेल तर मी दक्षिणेला पाठवेन. तिथे एल काराकोल ही गोल वेधशाळा आहे, जिच्या काही खिडक्या शुक्राच्या मावळण्याच्या टोकांशी जुळतात. पुढे ला इग्लेसिया ही चाकच्या मुखवट्यांनी मढलेली छोटी इमारत. गर्दी निम्मी, दगडांवर इग्वाना ऊन खात बसलेल्या. मोठ्या गटांचे गाइड बहुतेकदा इकडे फिरकतच नाहीत.

दुकानं, जेवण, पाणी

आवारात शेकडो फेरीवाले बसतात. जग्वाराची डरकाळी काढणारी लाकडी शिट्टी दर दोन मिनिटांनी कानाशी फुंकली जाते. लहान मुलं बरोबर असतील तर ती घरी येणार हे धरून चाला. ‘वन डॉलर’ ही फक्त बोलायची सुरुवात. हसून ‘नो, ग्रासियास’ म्हटलं की पुरतं.

टूर जिथे थांबते ती मोठी दुकानं वेगळी. तिथे तुमची जन्मतारीख विचारून ती माया पंचांगात छापून देतात. सकाळी बसमध्ये चढताना कुणी तुमचा फोटो काढला असेल तर दुपारपर्यंत तो टकिलाच्या बाटलीवर चिकटलेला असतो. माझ्या मोठ्या जावेने ती बाटली घेतली. त्यांच्या घरात कुणी पीत नाही, ती आता नागपूरला शोकेसमध्ये आहे.

शाकाहाऱ्यांनी स्पॅनिशमध्ये नुसतं ‘सोय वेहेतारिआना’ (मी शाकाहारी आहे; पुरुषांनी ‘वेहेतारिआनो’) म्हणून थांबू नये. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका’ असं मोजून सांगावं: मांस नको, कोंबडी नको, आणि डुकराची चरबी नको. काळ्या घेवड्याची उसळ दिसायला निर्धोक, पण ती बऱ्याचदा मान्तेकात परतलेली असते. सिकिल पाक मात्र मिळाली तर सोडू नका: भाजलेला टोमॅटो आणि भाजलेल्या भोपळ्याच्या बिया वाटून, कोथिंबीर घालून केलेली चटणीच ती. हाबानेरो मिरचीच्या वाटीला कोल्हापूरकरांनीही जपून हात घालावा. आणि चिकू दिसला तर खा. हे झाड मूळचं इथलंच, त्याचं लाकूड इतकं चिवट की देवळांच्या दारांवरच्या तुळया त्याच्या करत. आणलेले ठेपले-लाडू बसमध्येच ठेवा, आत खाणं नेऊ देत नाहीत. पाणी न्या, प्रत्येकी लिटरभर तरी. टोपी, सपाट तळाचे बूट. जमीन सपाट आहे, पण चाल तीन-चार किलोमीटर सहज होते, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी काठी आणावी.

नंतरचा सेनोते बहुतेक टूरमध्ये इक किल असतो. जमिनीपासून सुमारे पंचवीस मीटर खाली, वरून वेली लोंबतात, पाणी थंडगार. आधी शॉवर घेऊन सनस्क्रीन धुवावंच लागतं. पोहायचं नसेल तर वरच्या कठड्यावरूनही छान दिसतो. दुपारी एकनंतर तिथे जत्रा असते, म्हणून पहाटेची व्हॅन इथेही कामी येते.

गाइड आणि ड्रायव्हर दोघांना टिप वेगवेगळी द्या, पेसोंत, हातात. आणि कानकूनला परतताना सकाळी मिळालेला घड्याळाचा तास परत जातो: चिचेन इत्साहून तीनला निघालात तर हॉटेलवर साडेपाच नव्हे, साडेसहा होतात, वाटेत वायादोलिदला थांबलात तर आठ. त्या संध्याकाळचं विमान धरू नका, आणि जेवणाचं टेबल नऊच्या आधीचं बुक करू नका.