झेब्राफिशच्या एम्ब्रियोवर कॅन्सरच्या औषधाचा हृदयावर होणारा परिणाम कसा बघायचा

डॉक्सोरुबिसिन कॅन्सरवर जोरदार चालतं, पण हृदय दुखावतं, म्हणून पेशंटला आयुष्यभरात एकूण किती दिलं याचा हिशोब ठेवावा लागतो. असं औषध आधी माशाच्या पिल्लात बघता येतं, कारण झेब्राफिशचं पिल्लू काचेसारखं पारदर्शक, हृदय अंडं फळल्यापासून 24 तासांच्या आसपास धडधडायला लागतं आणि 48 तासांत दोन्ही कप्पे नीट वेगळे दिसतात. शिवाय एवढ्या छोट्या जीवाला ऑक्सिजन कातडीतूनच मिळतो, त्यामुळे हृदय जवळजवळ बंद पडलं तरी पिल्लू काही दिवस जगतं आणि तुम्हाला बिघाड बघायला वेळ मिळतो.

अंडी गोळा केली की ई3 पाण्यात (अंडी वाढवायचं क्षार घातलेलं पाणी) 28.5 डिग्रीला ठेवा, मेलेली पांढरी पडतात ती लगेच काढा नाहीतर बाकीचीही सडतात. अंगावर रंग चढू नये म्हणून साधारण 24 तासांनी 0.003 टक्के पीटीयू (रंग बनणं थांबवणारं रसायन) घालतात, घातलं तर कंट्रोललाही, म्हणजे तुलनेसाठी औषधाविना ठेवलेल्या पिल्लांनाही घाला.

औषध कधी द्यायचं हे सगळ्यात महत्त्वाचं. हृदय घडायच्या आधीच दिलंत तर जे दिसेल ते घडणीतला बिघाड असू शकतो, तयार हृदयाला झालेली इजा नव्हे, म्हणून मी 48 तासांनंतर सुरू करते. 24 वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये एका वेलला 10 पिल्लं, डोस 10 ते 100 मायक्रोमोलरमध्ये चारपाच पायऱ्यांनी, प्लेट अंधारात कारण डॉक्सोरुबिसिन उजेडात खराब होतं. ते पाण्यात विरघळतं, पण लॅपॅटिनिबसारखं औषध असेल तर ते विरघळवायला डीएमएसओ लागतं आणि मग तेवढंच डीएमएसओ घातलेला कंट्रोल हवाच.

आता ठोके. एकदा मायक्रोस्कोपच्या खोलीत एसी फुल्ल होता आणि माझ्या कंट्रोलचेच ठोके इतके खाली आले की औषधाचा परिणाम दिसेनासा झाला, दोन दिवसांचं काम वाया गेलं. थंडीत माशाचं हृदय मंदावतं, हे तेव्हा चांगलंच कळलं. तेव्हापासून प्लेट खोलीत ठेवून सगळ्या वेल्सना सारखाच वेळ देते, गरम स्टेज असेल तर उत्तमच. ट्रायकेनच्या भुलीनेही ठोके कमी होतात, म्हणून पिल्लू 3 टक्के मिथाइलसेल्युलोजच्या दाट द्रावणात आडवं धरलेलं बरं. 30 सेकंदांचा व्हिडिओ घ्या आणि कुठला डोस आहे हे न बघता मोजा, त्यासाठी व्हिडिओंना डोसऐवजी नंबर घालायला दुसऱ्या कुणालातरी सांगा, प्लीज हे टाळू नका.

फक्त ठोके मोजून थांबू नका. व्हेंट्रिकल, म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा, फुगल्यावरची आणि आकसल्यावरची रुंदी मोजा, फरकाला फुगलेल्या रुंदीने भागून 100 ने गुणा, आकुंचन किती टक्के ते कळतं. हृदयाभोवती पाणी साचलं की ती पिशवी फुग्यासारखी दिसते, हृदय ताणलं जाऊन दोरीसारखं बारीक होतं, रक्तपेशी पुढे सरकायच्या ऐवजी तिथल्या तिथे मागेपुढे झुलत राहतात. वरचा कप्पा दोनदा आणि खालचा एकदाच धडकत असेल तर तेही लिहून ठेवा, तो वेगळा बिघाड आहे.

शेपूट वाकडी, डोळे छोटे, पिल्लं मरतायत असा डोस असेल तर तो हृदयासाठी धरू नका, सगळं शरीरच खराब झालंय. बाकी अंग नीट आणि हृदय बिघडलेलं, असा डोस शोधायचा आणि वेगवेगळ्या दिवशीच्या तीन तरी अंड्यांच्या बॅचवर तेच येतंय का बघायचं.

औषधाचं पाणी सिंकमध्ये अजिबात ओतू नका, सायटोटॉक्सिक लेबल लावलेल्या पिवळ्या कंटेनरमध्येच जाऊ द्या, ग्लोव्हज आणि टिप्ससुद्धा.