ऑलिव्हिनचे कण मोजायला निघण्यापूर्वी

बडोद्याहून सयाजीनगरीने भूजला निघणाऱ्याला हातोडा, भिंग आणि पाणी यांची आठवण करून द्यावी लागत नाही. पिशव्या मात्र जाड घ्याव्यात. अल्कली बेसाल्ट या लाव्हाच्या खडकात अडकून वर आलेले पेरिडोटाइटचे, म्हणजे ऑलिव्हिन हे खनिज मुख्य असलेल्या प्रावरणातल्या खडकाचे, तुकडे झिजले असतील, तर बोटांत चुरतात.

खरी तयारी बाणाची, म्हणजे तुकड्यावर दिशा दाखवणाऱ्या खुणेची आहे. बेसाल्टबरोबर गडगडत आलेल्या तुकड्याची प्रावरणातली मूळ दिशा कळत नाही, हे खरे. तरी स्पिनेल या खनिजाचे काळे दाणे ज्या दिशेने ओळीने ताणले गेले आहेत ती दिशा, आणि खनिजे ज्या पातळीत पसरली आहेत ती पातळी, तुकडा करवतीखाली जाण्यापूर्वी खुणेने पक्की करावी. मार्करने नव्हे, कारण करवतीच्या पाण्यात शाई धुऊन जाते आणि गेल्या खेपेला नेमकी तीच गेली. खाच पाडावी, आणि तोच बाण पातळ छेद चिकटवलेल्या काचेवरही हिऱ्याच्या टोकाने कोरावा. काकडी आडवी चिरली की चकतीच दिसते. ताणलेला कण आडवा कापला गेला, तर त्याची लांबी मापात येतच नाही. आणि कणांच्या मापावरूनच तर प्रावरणातला खडक कसा वाहतो ते काढायचे. कणांच्या सीमांवरील विसरणाने, म्हणजे सीमांवरून अणू सरकून, खडक वाहत असेल, तर विरूपणाचा (आकार बदलण्याचा) वेग कणाच्या आकाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे माप निम्मे आले की वेग आठपट निघतो. स्फटिकदोषांच्या सरकण्याने होणारा प्रवाह थेट कणावर अवलंबून नसतो. पण तिथेही पुनःस्फटिकीकरणाने झालेल्या (विरूपणात नव्याने बनलेल्या) कणांवरूनच खडकावरचा ताण काढायचा, आणि कण जितके बारीक तितका ताण जास्त. सुटका कुठेच नाही. म्हणून पुन्हा सांगतो: आधी बाण, मग करवत.

ऑलिव्हिन बदलून झालेल्या सर्पेंटाइन या खनिजाच्या जाळीने एका ऑलिव्हिनचे दहा तुकडे केलेले दिसतात. सूक्ष्मदर्शकात एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांखाली (आडव्या निकोलखाली) स्टेज, म्हणजे छेद ठेवायची तबकडी, फिरवावा. जे तुकडे एकाच वेळी काळे होतात, ते एकाच कणाचे. पायरॉक्सीन या दुसऱ्या खनिजाचे पट्टे वेगळे मोजावेत, कारण तिथे पायरॉक्सीन ऑलिव्हिनच्या सीमा अडवून कण वाढू देत नाही.

बाकीचे थोडक्यात. छेद ३० मायक्रॉनचा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिकांच्या दिशा मोजायच्या असतील तर कव्हरस्लिप लावू नये, शेवटची पॉलिश कोलॉइडल सिलिकाची. प्रत्येक फोटोत मापाची पट्टी, आणि बाणही. छेदातली सरासरी खऱ्या कणापेक्षा कमी येते, म्हणून १.५ ने गुणले असेल तर वहीत तसे लिहावे.